पोचा

हत्यारांच्या बाबतीत माणसांचे सरळ दोन वर्ग पडतात. हत्यार हातात आल्याबरोबर ज्यांच्या हाताला आपोआप काम सुचते, तो एक. आणि हत्यार हातात आल्याबरोबर ज्यांच्या घरच्या मंडळींना आयोडीनच्या बाटलीची आठवण होते, तो दुसरा. मी जन्मापासून दुसऱ्या वर्गातला. बँकेत चौतीस वर्षे नोकरी केली. तेवढ्या काळात टाचणी आणि रबरी शिक्का यांपलीकडे अवजार म्हणून हाती धरले नाही. भिंतीवर कॅलेंडर टांगायचे झाले तरी खिळा ठोकायला शेजारून माणूस बोलवावा लागे.

अशा माणसाच्या पडवीत आज काय काय मांडलेले आहे ते पाहा. गुळगुळीत तोंडाच्या दोन हातोड्या, एक लाकडी मोगरी, रेल्वेच्या रुळाचा वीतभर तुकडा, जीपच्या मोडक्या पाट्यापासून घडवलेला लांब चमचा, पत्रा कापायची कातर, एक रुंद कानस, चार-पाच नंबरांचे काचकागद आणि ते गुंडाळायला लाकडाचा ठोकळा, एक लोहचुंबक, आणि आईच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा. तासगावला आमच्याकडे येणारा पाहुणा ओटा चढता चढता हे पाहतो आणि हळूच विचारतो, "पेन्शन वेळेवर मिळते ना?"

मिळते. हा उद्योग पोटासाठी नव्हे. आण्णांच्या मोटारीसाठी आहे.

आण्णांनी मोटार घेतली ती १९७९ साली. आमच्या भागात द्राक्षांनी बरे दिवस दाखवायला सुरुवात केली होती. पुढे 'तास-ए-गणेश' ही द्राक्षाची जात आमच्याच तालुक्याने दिली आणि तासगावचा बेदाणा दूरदूरच्या बाजारपेठांत पोचला. पण त्या काळी शेतकऱ्याच्या दारात मोटार ही गोष्ट अपूर्वाईची होती. गाडी प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सी.सी.ची, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला असलेली. पांढरी स्वच्छ. आण्णांनी आधी ती गणपतीच्या देवळासमोर नेली, सात मजली गोपुराखाली नारळ फोडला आणि मग घरी आणली. त्यानंतर ती मोटार घरातली एक व्यक्तीच झाली. लग्नात तिने नवऱ्या मुली नेल्या, आजारपणात आजीला मिरजेच्या दवाखान्यात नेले, आणि उरलेल्या वेळात द्राक्षबागेच्या औषधांची पोती वाहिली.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी तपासून ती नवी करून घ्यावी लागते. २०२४ साली ती पाळी पुन्हा आली, आणि पाहतो तो गाडीचा तळ जागोजाग गळालेला. नव्या पद्धतीच्या गॅरेजात विचारले. तिथला तरुण मोठा सज्जन. म्हणाला, "काका, आम्ही पत्रा ठोकत नाही, पार्ट बदलतो. आणि हिचे पार्ट आता येत नाहीत." तेही खरेच होते. या जातीची मुंबईतली शेवटची टॅक्सीसुद्धा मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली होती. भंगारवाल्याने किलोवर भाव सांगितला. मी तो आण्णांना सांगितला. आण्णा अठ्ठ्याऐंशीचे, काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेलेली. ते ओसरीवर बसून होते. भाव ऐकून म्हणाले, "मला किलोवर घालायची असंल तर माझाबी भाव इचारून ये."

मग मी चाचांकडे गेलो. तालुक्यातल्या निम्म्या मोटारींचे पोचे ज्यांनी काढले, ते हे मिस्त्री. खांदा निकामी झाल्यापासून दुकान बंद करून घरी बसलेले. माझे सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "हात तुमचा, जीभ माझी. जमलं तर बघू." आणि एका जुन्या वहीच्या पानावर त्यांनी मला हत्यारांची यादी लिहून दिली. यादीत पहिले नाव हातोडीचे असेल अशी माझी अपेक्षा होती. पहिले नाव होते 'रूळ'.

हा रूळ मिरज-कुर्डुवाडीच्या छोट्या गाडीचा, असे चाचा सांगतात. लिलावाच्या भंगारातून त्यांच्या वडिलांनी आणलेला. वापरून वापरून त्याची एक बाजू आरशासारखी झाली आहे. मोटारीच्या धंद्यात याला डॉली म्हणतात. हातोडी बाहेरून पडते आणि डॉली आतून, पत्र्याच्या मागे, धरायची असते. मला वाटत होते, पोचा म्हणजे आत गेलेला भाग. तो आतून ठोकून बाहेर काढला की काम झाले. चाचांनी हसून मान हलवली. पोचा पडतो तेव्हा मधला भाग आत जातो आणि कडेला वरंबा उठतो. मधला भाग नुसता ठोकला तर पत्रा ताणला जातो आणि एका मोठ्या खळग्याचे दहा लहान फोड होतात. म्हणून डॉली मागून खळग्याला दाबून धरायची आणि हातोडी बाहेरून, शेजारच्या वरंब्यावर, हलकेच टाकायची. वरंबा खाली बसतो, तसा खळगा वर येतो. जिथे मार तिथे आधार नाही, आणि जिथे आधार तिथे मार नाही. पुढे पातळी जवळ आली की मग डॉली आणि हातोडी समोरासमोर आणायची. तेव्हा 'टण्ण' असा स्वच्छ आवाज येतो. आवाज बद्द आला तर तुमचा डावा हात चुकला.

हातोडीविषयीही माझे असेच अज्ञान होते. मी बाजारातून खिळे ठोकायची जाडजूड हातोडी आणली. चाचांनी ती कोयंडा बसवायला ठेवून द्या म्हणून सांगितले. पत्र्याची हातोडी हलकी, तोंड रुंद आणि चकचकीत. त्या तोंडावर एक चरा असला तरी प्रत्येक टोल्याबरोबर तो पत्र्यावर उमटतो. मारायचे ते खांद्याने नव्हे, मनगटाने. "साहेब, हातोडी मारायची नाही, सोडायची. ती आपली आपण परत वर येते." पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथले कारागीर घंगाळावर हजारो बारीक टोले एकमेकांना खेटून घालतात. त्याला मठारणे म्हणतात. मोटार परदेशातून आली. पण तिचा पोचा काढणारा हात तांबटाच्या हाताचा सख्खा भाऊ आहे. फरक इतकाच, की तांबट टोल्याचा ठसा अभिमानाने ठेवतो आणि मोटारीचा मिस्त्री तो दिसू देत नाही.

पहिले दोन महिने तळातच गेले. जीपसारख्या गाडीला खाली लोखंडी सांगाडा असतो, वरचा पत्रा नुसता अंगरखा. फियाटच्या या जातीत मात्र १९५३ च्या मूळ नमुन्यापासूनच वेगळा सांगाडा नाही. पत्रा हाच सांगाडा. म्हणजे तळ गेला तर पाठीचा कणा गेला. आणि तो कोणी खाल्ला होता? आमच्या मोरचुदाने. द्राक्षावर डावणी पडू नये म्हणून बोर्डो मिश्रण मारतात. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मिश्रण बरोबर जमले की नाही, हे पाहण्याची आमच्याकडची परीक्षा म्हणजे त्यात विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला. तो थर तांब्याचा. लोखंड विरघळते आणि तिथे तांबे बसते. विळ्यावर जे आम्ही दर छाटणीनंतर घटकाभरात पाहत होतो, तेच फाटक्या पोत्यांतून सांडलेले मोरचूद ओल लागली की गाडीच्या तळाशी करीत होते. तिथे विळा उचलून पाहणारे कोणी नव्हते.

गंजलेला भाग कातरीने कापून काढावा लागतो, अगदी चांगला पत्रा लागेपर्यंत. कापताना हात आखडतो. अजून एवढा बरा आहे, राहू द्यावा, असे वाटते. चाचा पायरीवरून ओरडत, "अजून घ्या, साहेब. बरा दिसतोय तोच खोटा आहे." नवे तुकडे मी पुठ्ठ्याचा नमुना करून कापले, जोडायला मात्र वेल्डिंगवाला बोलावला. त्याआधी बॅटरीची तार सोडवली आणि पेट्रोलची टाकी काढून दूर नेऊन ठेवली. घरी काम करणाराने आपल्या हाताची हद्द ओळखावी, हेही एक हत्यारच आहे. रंगाच्या बाबतीतही मी तीच हद्द मानली आहे. एके काळी मोटारींना बग्गीसारखे व्हार्निश लावीत आणि ते वाळायला आठवडे जात. १९२३ च्या सुमाराला अमेरिकेत ड्युको रंग निघाला आणि ते काम तासांवर आले. आताचे रंग त्याहून टिकाऊ, पण त्यांत मिसळायचे द्रव्य फुप्फुसाला घातक. शेवटचा हात पडवीत मारायचा नाही, असे चाचांनी बजावले आहे.

तळ झाला आणि मग चाचांनी लोहचुंबक हातात दिले. "आता सगळ्या अंगावरून फिरवा." रंगाखाली पत्रा असेल तर चुंबक ओढ घेते, रंगाखाली लांबी भरलेली असेल, तर जितकी लांबी जाड तितकी ओढ कमी. लांबी वाईट नव्हे. पत्रा शक्य तितका सारखा केल्यावर उरलेला बारीक खळगा भरायला ती हवीच. मात्र तीन मिलिमीटरच्या वर नाही, आणि तिच्यावर उघडे पाणी घालायचे नाही, कारण ती पाणी पिते आणि आतला पत्रा गंजवते. पूर्वीचे कारागीर या जागी शिसे आणि कथील वितळवून भरीत. ते टिके, पण शिशाचे विष अंगात जाई. आता डब्यातला लगदा आणि नखाएवढे घट्ट करणारे औषध. चार-पाच मिनिटांत दगड. इतकी सोपी वस्तू हाताशी असली म्हणजे ठोकण्याचा कंटाळा येतो आणि माणूस बोटभर थर देऊन मोकळा होतो.

मी चुंबक फिरवीत फिरवीत मागच्या डाव्या मडगार्डापाशी आलो. चुंबक खाली पडले.

हे होणार हे मला ठाऊक होते. बेचाळीस वर्षे ठाऊक होते.

१९८२ साली, दिवाळीच्या तोंडावर, आण्णा बागेत मुक्कामाला असताना मी न विचारता मोटार काढली आणि सांगलीला सिनेमाला गेलो. वय वीस. परत येताना ओढ्याच्या उतारावर पुढे एक बैलगाडी, कंदील नाही. शेवटच्या क्षणी दिसली. मी उजवीकडे ओढली, पण मागचा भाग चाकाला घासला. मोठा आवाज झाला. कोणी तरी ओरडले. माणूस की बैल ते कळले नाही. मी थांबलो नाही. घरी येऊन मोटार भिंतीकडे डावी बाजू करून लावली आणि पांघरूण घेऊन निजलो.

दुसऱ्या दिवशी आण्णा आले. गाडीभोवती फिरले. मला काही विचारले नाही, मी काही बोललो नाही. चार-पाच दिवसांनी पाहिले तर पोचा बुजलेला आणि वर पांढरा रंग. कोणी विचारले तर ते सांगत, "हौदाला लागली माझ्याकडनं." पुढे मी नोकरीला लागलो, गावोगाव बदल्या झाल्या. पण रात्री रस्त्यावर बैलगाडी दिसली, की तो आवाज कानात येई. बैलाचा पाय गेला असेल का? माणूस चाकाखाली आला असेल का? विचारायचे धैर्य झाले नाही. कारण विचारणे म्हणजे कबूल करणे, आणि उत्तर काय येईल याची खात्री नव्हती.

मी लांबी खरवडायला घेतली. ती आजची नव्हे. सुतार खिडकीच्या काचेला भरतात ती, वर रंगाचे थर. बोटभर जाडीची खपली निघाली आणि खाली पत्रा उघडा पडला. त्यावर आतून मारलेल्या टोल्यांचे फोड होते. वीस-पंचवीस. मोठे, वेडेवाकडे, द्राक्षाच्या मांडवाचे अँगल ठोकायच्या हातोडीचे. मागे आधार नाही, पुढे माप नाही. ज्याला हे काम येत नव्हते अशा माणसाने डिकीत वाकून, कोणाच्या दृष्टीला पडू नये म्हणून बहुधा रात्री, ते केले होते. मिस्त्रीकडे न्यावी तर मिस्त्री विचारणार, कशाला लागली?

खरवडण्याचा आवाज ओसरीवर जात होता. आण्णांनी विचारले, "कुठला भाग काढलास?"

"मागचा. डावा."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बैलाला काय झालं न्हवतं. चाकाचा आरा मोडला हुता. मी दुसऱ्याच दिवशी त्येच्या वस्तीवर जाऊन नवं चाक करून दिलं. गडी चांगला हुता. म्हणला, गाडी हाणणारं पोरगं हुतं. मी म्हणलं, न्हाई, मीच हुतो."

माझ्या हातातली पट्टी तशीच राहिली. "मला सांगितलं नाहीत."

"तू इचारलं न्हाईस."

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. मी इतकी वर्षे न विचारता काढली होती. त्यांनी माझ्या विचारण्याची वाट पाहत काढली होती. दोघांनी मिळून त्यावर चांगली बोटभर लांबी भरली होती. पण एक गोष्ट मला त्या संध्याकाळी स्वच्छ दिसली. आण्णांनी मागून धरले होते, म्हणून मी सरळ राहिलो. आणि त्यांनी बाहेरून एकही टोला घातला नाही, म्हणून आतला फोड तसाच राहिला. ते बरोबर की चूक, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. त्यांना विचारले असते तर म्हणाले असते, मला मिस्त्रीकाम येत न्हवतं.

त्या मडगार्डाला पाच आठवडे लागले. ताणलेला पत्रा नुसता ठोकून बसत नाही. दाबला तर डब्याच्या झाकणासारखा 'टक्' करून आत जातो आणि पुन्हा बाहेर येतो. त्याला उष्णता द्यावी लागते. वेल्डिंगवाल्याच्या ज्योतीने नाण्याएवढा भाग लाल करायचा, लगेच डॉली मागे धरून भोवताली हलके टोले द्यायचे आणि ओल्या फडक्याने थंड करायचा. पत्रा आक्रसतो. एक फोड, एक दिवस. घाईने चार केले तर सगळा मडगार्ड वाकडा. मग कानस. कानस घासायला नव्हे, दाखवायला असते. हलक्या हाताने फिरवली की उंच भाग चकाकतो, खोल भाग काळा राहतो. चकाकी दिसली की हातोडी, काळे दिसले की मागून चमचा. मग ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहायचे. ते सरळ वाहिले पाहिजे. माझ्या लक्षात आले, की चाचांच्या यादीतली निम्मी हत्यारे काही करीतच नाहीत. चुंबक, कानस, उजेड, लुगड्याचा तुकडा: त्यांचे काम एवढेच, की आपले काय चुकले ते सांगायचे. आणि पडवीत सगळ्यात स्वस्त हत्यारे तीच आहेत.

लुगड्याच्या तुकड्याचे राहिले. शेवटची परीक्षा त्याची. कापड पत्र्यावर पसरायचे आणि त्यावरून तळवा सपाट फिरवायचा. कापडामुळे हात अडखळत नाही, आणि डोळ्याला न दिसणारा चढ-उतार तळव्याला कळतो. चाचा म्हणतात, डोळा मालकाचा असतो, त्याला आपले काम बरेच दिसते. तळव्याला लाज नाही.

गेल्या आठवड्यात मडगार्ड माझ्या दृष्टीने झाला. कानस सारखी चकाकली, ट्यूबलाइट सरळ वाहिली. चाचा येऊन पाहून गेले आणि म्हणाले, "आता ज्याची गाडी त्याला दाखवा."

मी आण्णांचा हात धरून त्यांना अंगणात आणले. गाडीशी उभे केले, कापड पसरले आणि त्यांचा तळवा त्यावर ठेवला. उन्हातान्हाने राठ झालेला तो तळवा चाकाच्या कमानीवरून हळूहळू मागे सरकत गेला, दिव्याच्या खोबणीपर्यंत जाऊन परत फिरला. एका जागी थांबला. पुन्हा मागे, पुन्हा पुढे.

"हितं हाय अजून," ते म्हणाले.

मी कानस फिरवून पाहिली. हरभऱ्याच्या डाळीएवढा ठिपका चकाकला.

"राहू दे का?" मी विचारले. "लांबीखाली जाईल."

"नगं," आण्णा म्हणाले. "काढ. मी बसतो हितं."

मी त्यांना खुर्ची आणून दिली, डिकी उघडली, आत वाकून डाव्या हाताने रूळ मागे लावला आणि उजव्या हाताने हातोडी घेतली.